किनारपट्टीच्या शाळांना संग्रहालये जोडून द्यावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रत्नागिरी शहर आणि त्याच्या आसपास शिकण्यासारख्या जितक्या जागा आहेत, तितक्या फार थोड्या जिल्ह्यांच्या ठिकाणी असतील. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी १९१० साली बांधून पूर्ण झालेला राजवाडा आणि त्यातले राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय, झाडगावचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आणि तिथले मत्स्यालय, टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मघर, १८२८ साली स्थापन झालेले जिल्हा नगर वाचनालय, शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, भाट्याचे नारळ संशोधन केंद्र ही सगळी ठिकाणे एका दिवसात फिरून होतील इतकी जवळजवळ आहेत. तरीही खाडीकाठच्या एखाद्या वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेतले मूल सातवी पास होऊन बाहेर पडते तेव्हा त्याने यातले एकही ठिकाण पाहिलेले नसते, असे मी माझ्या नोकरीत वारंवार पाहिले आहे. माझी बहुतेक वर्षे अशाच शाळांत गेली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. नवी इमारत किंवा मोठा निधी असे काही मला मागायचे नाही. या संस्था आहेत आणि शाळाही आहेत. त्यांना एकमेकींशी जोडणारे वेळापत्रक आणि तशी प्रशासकीय परवानगी मात्र कोणी तयार केलेली नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

कोकणातली मुले अभ्यासात मागे आहेत असे कोणीही म्हणणार नाही. कोकण विभागीय मंडळ स्थापन झाल्यापासून दहावीच्या निकालात पुढे राहिले आहे आणि २०२५ च्या परीक्षेत या विभागाचा निकाल ९८.८२ टक्के लागला. त्या यशाचा मलाही अभिमान आहे. परंतु भरती-ओहोटीची व्याख्या बिनचूक लिहिणाऱ्या मुलाला आपला आजा आज पहाटे तीनला होडी का काढतो आणि परवा साडेचारला का, याचा संबंध त्या व्याख्येशी लावता येत नसेल, तर शाळेने काहीतरी शिकवायचे ठेवले आहे असे मानावे लागते.

इथे एक उदाहरण थोडे विस्ताराने देते. आपल्याकडचे जुने खलाशी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. पाऊणकीचा पाढा शाळांतून केव्हाच गेला, पण किनाऱ्यावर तो अजून रोज वापरला जातो. चौथी-पाचवीला अपूर्णांकांचा गुणाकार शिकवताना मी मुलांना दिनदर्शिका घेऊन धक्क्यावर नेत असे. पायऱ्यांवर खडूने खूण करायची, पाणी कुठवर चढले आणि किती वाजता, ते वहीत लिहायचे आणि तिथीच्या हिशेबाशी ताडून पाहायचे. अमावास्येनंतरचे काही दिवस हिशेब बऱ्यापैकी जुळला, पण दशमी-एकादशीला पाणी सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा चढले. ज्या मुलीला वर्गात अपूर्णांकांची भीती वाटत असे, तिनेच तो फरक पहिल्यांदा दाखवला. चंद्रामुळे भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊणपटीच्या हिशेबात ती पंचेचाळीस मिनिटे धरली जाते, त्यामुळे रोजची पाच मिनिटे साठत जातात, हे उत्तर मुलांनी स्वतः आकडेमोड करून काढले. बंदरागणिक वेळ पुढेमागे होते आणि वारा असेल तर पाणी लवकर चढते, हे त्या मुलीच्या वडिलांनी सांगितले. ते तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख खलाशी, होते आणि शाळेत बोलावल्यावर आधी दारातच उभे राहिले होते, कारण आपण काही शिकवू शकतो असे त्यांना कोणी कधी म्हटले नव्हते. भूगोल, गणित आणि खगोल हे तीन विषय त्या एका आठवड्यात मुलांना जितके समजले, तितके फळ्यावर समजले नसते, याची मला खात्री आहे.

याच हिशेबातून वेळापत्रकाचा एक साधा मुद्दा निघतो, ज्याकडे शिक्षण विभागाने लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. खडकाळ किनाऱ्यावरचे जीवन, म्हणजे शंख, कालवे, खेकडे, समुद्रफुले, तारामासे, पाहायचे तर उधाणाच्या दिवसांतली मोठी ओहोटी हवी. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी येते आणि ओहोटी पहाटे व सायंकाळी, त्यामुळे साडेदहा ते पाचच्या शाळेत ती कधी सापडत नाही. मात्र त्यानंतरच्या द्वितीया ते चतुर्थीच्या सुमारास पाणी सकाळी सात-आठच्या दरम्यान चांगले ओसरलेले असते. शनिवारी बहुतेक शाळा सकाळच्या असतात आणि २०२४ पासून शासनाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रमही सुरू केला आहे. वर्षाच्या आरंभी पंचांग आणि भरतीचे तक्ते समोर ठेवून, पावसाळा वगळता, असे चार-पाच शनिवार निवडले आणि ते किनारपट्टीच्या सर्व शाळांना कळवले, तर या उपक्रमाला किनाऱ्यापुरता खरा आशय मिळेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत आणि त्या दिवसांत स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकावे असे म्हटले आहे. होडी बांधणारा, जाळे विणणारी, रापण ओढणारा, कोळंबीची पैदास करणारा हे आपले स्थानिक कारागीर आहेत.

आता संग्रहालयांविषयी. झाडगावच्या केंद्रातला देवमाशाचा सांगाडा ज्याने लहानपणी पाहिला, तो ते विसरत नाही. मुलांना त्याच्या बाजूला उभे केले की ती आधी लांबी पावलांनी मोजू लागतात. मग कोणीतरी परांकडे बोट दाखवते, कारण बाहेरून वल्ह्यासारख्या दिसणाऱ्या त्या अवयवाच्या आत मनगट आणि बोटांची हाडे ओळीने दिसतात. ‘बाई, याला हात आहे’ असे एक जण ओरडला, आणि देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे, त्याचे पूर्वज जमिनीवर चालत होते, हा भाग मला वेगळा शिकवावा लागला नाही. असा अनुभव शहरातल्या शाळेला चालत जाऊन घेता येतो. जयगड, पूर्णगड किंवा साखरतर बाजूच्या मुलाला मात्र त्यासाठी कोणीतरी गाडी करून द्यावी लागते.

पण मूल दारापर्यंत पोचले म्हणजे काम झाले असेही नाही. एका संग्रहालयात मी मुलांना घेऊन गेले असता माहितीच्या पाट्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेल्या होत्या, त्यांवर माशांची शास्त्रीय नावे ठळक आणि मराठी नावे एक तर बारीक किंवा अजिबात नव्हती. मच्छीमार वस्तीतल्या मुलांनी बाटल्यांतले मासे पाहून मुशी, वागळी, शिंगाळा, ढोमा अशी नावे धडाधड सांगितली. तिथल्या कर्मचाऱ्याने ती ऐकली, पण लिहून घ्यावी असे त्याला वाटले नाही. त्याच्यावर मी राग धरत नाही. ते काम त्याला कोणी नेमून दिलेले नव्हते. तरीही संग्रहालयाच्या माहितीत जी उणीव होती, ती भरून काढणारी मुले समोर उभी होती, हे मला फार लागले. मच्छीमार, दालदी, खारवी, गाबीत, भंडारी समाजांतल्या जाणत्या माणसांना बोलावून प्रत्येक नमुन्याचे स्थानिक नाव, तो कोणत्या महिन्यात आणि कोणत्या जाळ्यात मिळतो, पूर्वी किती मिळे आणि आता किती, अशी माहिती मराठीत आणि मुलाला वाचता येईल अशा उंचीवर लावली, तर त्याला खर्च जवळजवळ शून्य आहे. संशोधन केंद्र आणि मत्स्य महाविद्यालय ही दोन्ही कोकण कृषी विद्यापीठाच्या छायेत वाढलेली आहेत. तिथले पदवीचे विद्यार्थी हे काम एका सत्रात पूर्ण करू शकतील.

वागळीचे नाव वर आले, म्हणून कातळशिल्पांबद्दल लिहिणे आलेच. मुंबईकडे जिला पाकट म्हणतात ती वागळी मिरकरवाड्याच्या बंदरावर रोज उतरते, मत्स्यसंग्रहालयात जतन केलेली असते आणि आपल्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, जांभ्यात काही हजार वर्षांपूर्वी कोणीतरी कोरूनही ठेवलेली आहे. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असून त्याच्या अंगावर अनेक जमिनीवरचे आणि पाण्यातले प्राणी कोरलेले आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या निसर्गयात्री संस्थेतील सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे सडे पालथे घालून ही शिल्पे शोधली, नोंदवली आणि २०२२ मध्ये कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमळ अशी नऊ ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. हे मोठे काम आहे आणि त्याचे श्रेय त्यांना मिळालेच पाहिजे. यातली कित्येक शिल्पे गावच्या शाळेपासून अर्ध्या तासाच्या चालीवर आहेत. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या हत्तीभोवती दगडी कठडा घालून त्याचे रक्षण केले. अशा गावातल्या मुलांना शिल्पाचे मोजमाप घेणे, आलेखवहीवर प्रमाणात चित्र काढणे, गेंडा आज कोकणात नसताना तो इथे कोणी आणि का कोरला असेल असा प्रश्न विचारणे हे सगळे सहज करता येईल. देवाचे गोठणे येथे शिल्पापाशी होकायंत्राची सुई उत्तर दिशा नीट दाखवत नाही. सहावीच्या मुलाच्या तळहातावर होकायंत्र ठेवून त्याला त्या कातळावर दोन पावले पुढे-मागे चालू दिले, तर चुंबकत्वाचा पाठ त्याच्या डोळ्यांसमोर घडतो. सडा विकला जातो, जांभा काढला जातो, रस्ता येतो, तेव्हा हे कोरीव काम वाचवायला पुढे येणारी माणसे याच मुलांतून तयार व्हायची आहेत, हाही विचार करावा.

गावच शिकण्याची जागा होऊ शकते, याचा दाखला मंडणगड तालुक्यात वेळासला आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले आणि पुढे ग्रामस्थांनी ते आपले मानले. आज बाहेरगावचे लोक पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला वेळासला येतात, गावात मुक्काम करतात आणि गावातली माणसे त्यांना माहिती सांगतात. हे कोणत्याही मोठ्या प्रकल्पाविना झाले.

या सगळ्याच्या वाटेत सर्वांत मोठा धोका लहान शाळा बंद होण्याचा आहे. २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव २०२३ मध्ये शासनाने मागवले आणि १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर करण्याच्या, निर्णयाने कमी पटाच्या शाळांतली शिक्षकांची पदे धोक्यात आली. एका शिक्षकाने चार इयत्ता सांभाळण्यातले हाल मी स्वतः भोगले आहेत, त्यामुळे शासनाची अडचण मला कळते. परंतु शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर ठरवले आहे, ते पठारावरच्या रस्त्याने मोजणे वेगळे आणि खाडी, घाटी व पऱ्ह्या ओलांडून मोजणे वेगळे. शिवाय वाडीतली शाळा गेली की वाडीचा धक्का, वाडीचा सडा, वाडीतले तांडेल हे सगळे मुलाच्या शिक्षणातून एकदम बाहेर पडतात. समूहाची कल्पना वापरायचीच असेल तर ती उलट दिशेने वापरावी. शाळा जागच्या जागी ठेवाव्यात आणि वर्षातून काही दिवस एका केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या प्रशासकीय गटातल्या, तीन-चार शाळांनी एकत्र येऊन संग्रहालय, मत्स्यालय, ग्रंथालय गाठावे. बारा मुलांच्या शाळेला एसटीची आख्खी गाडी करणे परवडत नाही. शैक्षणिक सहलींना पन्नास टक्के सवलत असली तरी उरलेली रक्कम बारा पालकांच्या खिशातून निघत नाही. चार शाळांची पन्नास मुले एकत्र आली तर तीच गाडी परवडते. केंद्रप्रमुखाचे पद नेमके अशा समन्वयासाठीच आहे.

परवानगीचाही विचार व्हावा. २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, त्यानंतर समुद्रकिनारी सहली नेण्याचे नियम कडक झाले आणि ते योग्यच होते. पण ज्या शाळेच्या व्हरांड्यातून लाटा दिसतात, त्या शाळेच्या शिक्षकाला ओहोटीच्या वेळी मुलांना खडकावर न्यायला जीव मुठीत धरावा लागतो, कारण काही झाले तर आपल्यावर येईल ही भीती त्याला असते. मुले तर शाळा सुटल्यावर तिथेच जातात, आणि तेही एकटी. त्यामुळे स्थानिक शाळांसाठी वेगळी नियमावली असावी: गावातले पोहणारे दोन प्रौढ बरोबर असावेत, भरती वळण्याच्या आत परत फिरावे, पाण्यात उतरू नये, जीवरक्षक जाकिटे बरोबर ठेवावीत. लेखी नियम असेल तर शिक्षकाला आधार मिळेल आणि मुलांनाही समुद्राशी कसे वागावे ते शाळेतच शिकता येईल.

शिक्षकांबद्दल दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. कोकणातल्या शाळांत घाटावरून आणि मराठवाड्यातून आलेले कितीतरी शिक्षक आहेत. त्यांतले अनेक जण मनापासून शिकवतात, पण त्यांनी समुद्र मोठेपणीच पाहिलेला असतो आणि सडा, खाजण, कांदळवन म्हणजे काय हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. दर महिन्याला केंद्रात शिक्षण परिषद होते. वर्षातल्या दोन परिषदा वर्गाऐवजी थिबा राजवाड्यात आणि मत्स्यालयात घ्याव्यात, एक सड्यावर घ्यावी, आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने त्यावरून इयत्तावार पाठ तयार करावेत. बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासाची जिल्हावार पुस्तके काढून एक चांगली वाट दाखवून दिली आहे. पण चौथीत गेल्यावर मुलाचा जिल्हा पुस्तकातून नाहीसा होऊ नये. थिबाचेच पाहा. एक राजा १८८५ मध्ये मंडाले सोडून निघाला, पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणला गेला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. इंग्रजांच्या साम्राज्याची संपूर्ण कथा या एका घरात उभी असताना आठवीच्या मुलांना ती फक्त पानावर वाचायला लावणे बरोबर नाही.

ग्रंथालयांकडे मी शेवटी येत आहे, पण त्यांचे महत्त्व कमी म्हणून नव्हे. जिल्हा नगर वाचनालयासारख्या जुन्या संस्थेने तालुक्यातल्या शाळांना तीस-चाळीस पुस्तकांच्या पेट्या फिरत्या दिल्या आणि दर दोन महिन्यांनी त्या बदलल्या, तर वाडीतल्या मुलाच्या हातात वर्षाला शे-दोनशे पुस्तके येतील. वाचनालयांच्या तुटपुंज्या अनुदानातून हे होणार नाही, त्यासाठी जिल्हा नियोजनातून थोडी तरतूद लागेल. चिपळूणच्या १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे जुलै २०२१ च्या महापुरात झालेले नुकसान सर्वांना ठाऊक आहे. चिखलात गेलेली जुनी पुस्तके आणि कागदपत्रे परत मिळत नाहीत, म्हणून किनारपट्टीच्या सर्व वाचनालयांतल्या दुर्मीळ साहित्याचे डिजिटल जतन लवकर व्हावे आणि त्याच्या प्रती माध्यमिक शाळांना उघडपणे वाचायला मिळाव्यात, अशीही माझी विनंती आहे.

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्हा परिषदांचे शिक्षण विभाग, पुरातत्त्व विभाग आणि कोकण कृषी विद्यापीठ यांच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून पुढच्या जूनच्या आत ओहोटीच्या शनिवारांचे आणि संग्रहालय भेटींचे एक वर्षाचे वेळापत्रक तयार करावे. ते दोन-तीन केंद्रांत आधी राबवून पाहावे आणि मग सर्वत्र न्यावे. भरतीचे तक्ते काढणे, स्थानिक नावे गोळा करणे, मुलांबरोबर किनाऱ्यावर जाणे या कामांसाठी माझ्यासारखे निवृत्त शिक्षक आणि गावोगावचे जाणते मच्छीमार विनामोबदला वेळ देतील. मी ज्यांच्याशी बोलले त्यांनी तशी तयारी दाखवली आहे. आपल्या वृत्तपत्राने हा विषय संबंधितांपर्यंत पोचवावा, ही विनंती.

कळावे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. जि. रत्नागिरी